घरांच्या अदलाबदलीनंतर रिव्ह्यू: माणसं चांगली, पण पाणी बारीक, तर काय लिहायचं?

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका ताईंनी आपला दोन बेडरूमचा फ्लॅट मे महिन्यात आठ दिवस दापोलीजवळच्या एका कुटुंबाला दिला, आणि त्याच आठ दिवसांत ताई धरून घरचे सहा जण त्या कुटुंबाच्या बैठ्या घरात राहिले. माणसं प्रेमळ, ओट्यावर आंब्यांची पेटी ठेवून गेली होती. पण बाथरूममध्ये पाणी फार बारीक यायचं. 'समुद्र पाच मिनिटांवर' हे गाडीचं अंतर निघालं, चालत पंचवीस मिनिटं. फ्रीज त्यांच्याच सामानाने गच्च. नाशिकला परत आल्यावर घर लख्ख पुसलेलं होतं, पण नॉनस्टिक कढई खरवडलेली, गिझर चालू राहिलेला आणि ओला-सुका कचरा एकाच पिशवीत. समोरच्यांनी 'अप्रतिम घर' लिहून पाच तारेही देऊन टाकलेत. खरं लिहिलं तर संबंध बिघडतील, गप्प बसलं तर मन खातं. काय करावं?

ताई, लिहा. पाणी, अंतर आणि फ्रीज या तिन्ही गोष्टी रिव्ह्यूत यायला हव्यात. गिझरचा विषय सोडून द्या. कढई आणि कचऱ्याचं काय करायचं हे तुम्ही घरात काय सूचना लिहून ठेवल्या होत्या त्यावर ठरेल. आणि रिव्ह्यू टाकायच्या आधी दापोलीला फोन किंवा मेसेज करा, तो टाकल्यानंतर नको.

तुमचा रिव्ह्यू वाचणार आहे ते पुढचं कुटुंब, जे आत्ता कुठेतरी बसून त्या घराचे फोटो बघतंय. हॉटेलात निदान दर बघून अंदाज येतो. अदलाबदलीत दर नसतोच, आणि पुढचं कुटुंब त्या आठ दिवसांच्या बदल्यात आपलं राहतं घर, कपाटं, देवघर दुसऱ्याच्या हाती देणार असतं. त्यांच्याकडे निर्णयासाठी मालकाने लिहिलेली माहिती, मालकाने काढलेले फोटो आणि तुमच्यासारख्यांचे चार शब्द एवढंच असतं. यातले मालकाचे नसलेले शब्द फक्त तुमचे. १९५३मध्ये शिक्षकांच्या पुढाकाराने इंटरव्हॅक हे घरं अदलाबदल करणाऱ्यांचं जाळं सुरू झालं तेव्हा छापील याद्या आणि पत्रव्यवहार यांवरच अदलाबदल चालायची, एकेका घराची ओळख पटायला पत्रं लिहावी लागायची. आज ते काम रिव्ह्यू करतो. त्यांनी दिलेले पाच तारे तुमच्या घराला आहेत. लग्नातल्या आहेरासारखे ते तेवढ्याच किमतीने परत फेडायचे नसतात.

या क्षेत्रात जवळजवळ सगळे रिव्ह्यू पाच ताऱ्यांचे का असतात हेही समजून घ्या, कारण तुमची अडचण तिथूनच आली आहे. इथे दोघेही एकाच वेळी पाहुणे आणि यजमान असतात. पैसे दिलेले नसल्याने तक्रारीचा हक्क वाटत नाही, उलट उपकाराची भावना असते. त्यात आपल्याकडे घरी बोलावलेल्याला नावं ठेवणं वाईट दिसतं. मग लोक काय करतात, तर जे आवडलं नाही ते वगळतात. अनुभवी मंडळी हे ओळखून असतात आणि रिव्ह्यूत काय नाही ते आधी शोधतात. निसर्ग, शेजारी, आंबे यांवर दहा ओळी आणि बाथरूमबद्दल एक शब्दही नाही, तर ते घर बाजूला पडतं. म्हणजे तुमच्या गप्प बसण्यानेही त्या कुटुंबाचं नुकसान होऊ शकतं, आणि तेही खऱ्या दोषापेक्षा जास्त, कारण वाचणारा मनाने काहीतरी भयंकर कल्पून घेतो. 'दाब कमी आहे, बादलीने आंघोळ करावी लागते' हे वाचून कुणी फारसं बिचकत नाही. कोकणातल्या बैठ्या घरात जाणारे निम्मे लोक तेवढी तयारी ठेवूनच येतात.

आता काय लिहायचं आणि काय नाही. प्रत्येक गोष्टीला तीन प्रश्न विचारा. माहितीत तिचं आश्वासन होतं का? ती मालकाच्या हातात होती का? आणि आधी कळलं असतं तर एखाद्या कुटुंबाने वेगळा निर्णय किंवा वेगळी तयारी केली असती का? तिसऱ्याचं उत्तर 'हो' असेल तर ते रिव्ह्यूत जातं, मग पहिल्या दोनांचं उत्तर काहीही येवो. पहिले दोन फक्त सूर ठरवतात. आश्वासन होतं आणि हातातही होतं, तर तो दोष म्हणून लिहायचा. दोन्ही नसेल तर नुसती माहिती म्हणून.

पाण्याचं बघू. बैठ्या घरात टाकी बहुतेक वेळा थेट स्लॅबवर ठेवलेली असते. टाकीतलं पाणी नळापेक्षा एक मीटर उंच असेल तर साधारण ०.१ बार दाब मिळतो. स्लॅबवरच्या टाकीपासून शॉवरच्या तोंडापर्यंत उंची जेमतेम दीड-दोन मीटर भरते, म्हणजे दाब ०.२ बारच्या आसपास. त्यावर शॉवर नीट चालतच नाही. ही घराची घडण झाली, मालकाचा आळस नव्हे. पण ओट्याच्या किंवा अंगणातल्या नळाला पाणी जोरात आणि बाथरूममध्येच बारीक असं असेल, तर नळाच्या तोंडाची जाळी, गिझरकडे जाणारा कॉक किंवा त्या लाइनमधला गाळ हे कारण असतं, आणि ती तासाभराची दुरुस्ती आहे. तुम्हाला दोन्हीकडचा फरक आठवत असेल तर तो नक्की कळवा, प्लंबरचं निम्मं काम होईल.

मोजमापाने वाद संपतात. १५ लिटरची बादली भरायला किती वेळ लागला हे घड्याळ लावून पाहिलं की झालं. साडेसात मिनिटं लागली तर मिनिटाला २ लिटर. साध्या शॉवरला मिनिटाला ६ ते ८ लिटर तरी हवं. 'पाण्याची फार गैरसोय' या वाक्यावर मालक रागावतो आणि वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. 'एक बादली भरायला सात-आठ मिनिटं, सहा जणांच्या आंघोळींना सकाळचे दीड तास' यावर कुणी रागावू शकत नाही, आणि दोघांच्याच कुटुंबाला आपल्याला चालेल हेही समजतं. तुम्ही घड्याळ लावलं नसेल तर आकडा रचू नका. 'शॉवर वापरता आला नाही, बादल्या आदल्या रात्री भरून ठेवाव्या लागल्या' एवढं खरं असेल तर तेच पुरेसं आहे.

समुद्राच्या अंतराचं दुखणं सगळीकडचं आहे. नाशिकची घरंही यातून सुटत नाहीत. 'रेल्वे स्टेशन जवळ' असं गंगापूर रोडवरच्या फ्लॅटच्या माहितीत लिहिलं, तर बाहेरगावच्या माणसाला कसं कळावं की नाशिकरोड स्टेशन शहराच्या मध्यापासूनच नऊ-दहा किलोमीटर लांब आहे? पहाटेची गाडी पकडायला निघालेल्या कुटुंबाला तो हिशोब चुकला की महागात पडतं. म्हणून अंतर लिहिताना कशाने, किती वेळ, आणि चढ-उतार हे तिन्ही द्यायचं. 'गाडीने ५ मिनिटं, चालत २५, येताना चढ' एवढ्या शब्दांत काम होतं. मालकाने फसवलं असं सूचित करायची गरज नाही. बहुतेक वेळा ते स्वतः गाडीनेच जातात आणि त्यांच्या डोक्यात अंतर तेच असतं.

फ्रीज किरकोळ वाटतो, पण सहा माणसांचं दूध, भाजी, मासे ठेवायचे तर एक कप्पा पुरत नाही. 'फ्रीजचा एकच कप्पा मोकळा होता' या एका वाक्यापलीकडे त्यावर वेळ घालवू नका.

दोष घराचा की गावाचा, हा फरक मात्र नीट करा. मे अखेरीला वळवाच्या पावसात कोकणात वीज गेली तर ती मालकाने घालवलेली नाही. माहितीत इन्व्हर्टर लिहिलेला होता आणि तो बंद पडलेला होता, तर ती मालकाची बाजू. पावसाळ्यात मुंग्या, गोगलगायी, ओलसर गाद्या हे तिथलं हवामान. गाद्यांना कुबट वास येत होता आणि त्या वर्षभर उन्हात घातलेल्या दिसत नव्हत्या, ही निगा. हाच न्याय तुमच्या नाशिकच्या घराला लागतो. जानेवारीत निफाड-नाशिक पट्ट्यातली थंडी, तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीमुळे त्र्यंबक रस्त्यावरची गर्दी, रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडींच्या (रंग खेळायच्या जुन्या हौदांच्या) आसपास बंद होणाऱ्या गल्ल्या, यासाठी तुम्हाला तारे कापले जाऊ नयेत. पण तुमच्या भागात पाणी दिवसातून किती वेळा येतं आणि टाकी संपली तर मोटर कुठून लावायची हे लिहून ठेवलं नसेल, तर त्याबद्दल पाहुण्यांनी लिहिलेलं वावगं नाही. म्हणूनच रिव्ह्यूत महिना आणि माणसांची संख्या पहिल्याच ओळीत हवी. मेमध्ये विहिरीने तळ गाठलेला असताना सहा जणांना आलेला अनुभव आणि डिसेंबरात दोघांना येणारा अनुभव एकच नसतो. २०२७च्या सिंहस्थात नाशिकला येऊन गेलेल्यांचे रिव्ह्यूही पुढे असेच तारीख बघून वाचावे लागतील. त्या काळातली रस्तेबंदी आणि गर्दी ही त्या घराची एरवीची ओळख नसेल.

आता फोनचं. रिव्ह्यूत लिहिण्यासारखी कुठलीही उणीव मालकाला पहिल्यांदा रिव्ह्यूतूनच कळू नये, हा नियम मी सगळ्यात वर ठेवतो. खरं तर ती तिथे असतानाच, पहिल्या-दुसऱ्या दिवशी सांगायची असते. तेव्हा प्लंबर बोलावता येतो, आणि मालकाने काय केलं हेही मग रिव्ह्यूत लिहिता येतं. ती वेळ गेली असेल तर आता असा मेसेज पाठवा:

'नमस्कार दादा, वहिनी. काल सुखरूप पोहोचलो. मुलं अजून तुमच्या अंगणाचंच बोलतायत, आंबेही फार गोड होते. एक कळवायचं राहिलं. बाथरूमच्या नळाला आणि शॉवरला पाणी फार बारीक येत होतं, ओट्याच्या नळाला मात्र चांगलं होतं. तिकडच्या जाळीत गाळ अडकला असावा, एकदा प्लंबरला दाखवा. हे तेव्हाच सांगायला हवं होतं, तुम्हाला सुट्टीत त्रास नको म्हणून राहिलं. रिव्ह्यूमध्ये मी याचा उल्लेख करणार आहे, म्हणजे पुढचे लोक तयारीने येतील. दुरुस्ती झाली की तुम्ही खाली उत्तरात तसं लिहा. समुद्राचं अंतरही गाडीने आणि चालत असं वेगवेगळं दिलंत तर बरं होईल.'

यात दोन वाक्यं महत्त्वाची आहेत: 'मी उल्लेख करणार आहे' आणि 'तुम्ही उत्तरात लिहा'. पहिल्याने पाठीमागून केल्याची भावना राहत नाही, दुसऱ्याने त्यांना बाजू मांडायची जागा मिळते. ओट्याच्या नळाचं तुम्हाला आठवत नसेल तर ते वाक्य काढा. मेसेजनंतर एक-दोन दिवस थांबा. समोरून 'हो का, लक्षातच नव्हतं' असं उत्तर आलं तर तेही रिव्ह्यूत एका वाक्यात येऊ द्या. 'हे नका लिहू' असं आलं, तर मान राखून सांगा की दुरुस्तीबद्दलही लिहीन, पण वगळणार नाही. उणीव लपवण्याच्या बदल्यात काही देऊ केलं तर तिथे थांबा, घेऊ नका.

तारे देताना लोकांची गल्लत होते ती अशी: आंब्यांची पेटी मिळाली म्हणून स्वच्छतेलाही पाच तारे. ज्या संकेतस्थळावर स्वच्छता, माहितीचा खरेपणा, संपर्क असे वेगळे तारे असतात, तिथे प्रत्येक खान्याला त्याच्यापुरतं बघा. तुमच्या बाबतीत संपर्काला ५, स्वच्छतेला ५, माहितीच्या खरेपणाला ४. एकच तारांकन असेल तर स्वतःला विचारा, 'हे सगळं आधी माहीत असतं तरी अदलाबदल केली असती का?' आनंदाने केली असती तर पाच द्यायला हरकत नाही, पण मग मजकुरात उणिवा स्पष्ट हव्यात. विचार करून केली असती तर चार. मजकूर गोड आणि तारे तीन, किंवा तारे पाच आणि मजकुरात टोमणे, असं जुळत नसलेलं काही टाकू नका. वाचणारा त्यातलं काहीच धरत नाही.

तुमचा रिव्ह्यू साधारण असा होईल. तपशील तुमच्या अनुभवाप्रमाणे बदला:

'मे महिन्यात आम्ही सहा जण (दोन लहान मुलं आणि वयस्कर आई धरून) आठ दिवस राहिलो. घर आणि अंगण फोटोत आहे तसंच. स्वयंपाकघर स्वच्छ, भांडी भरपूर, कुकर-मिक्सर चालू स्थितीत. दोन्ही खोल्यांत मच्छरदाण्या आहेत आणि त्या लागतात. एक कमोड, एक भारतीय पद्धतीचं शौचालय. बाथरूममध्ये पाण्याचा दाब कमी आहे; शॉवर वापरता आला नाही, बादलीने आंघोळी केल्या आणि सकाळी बराच वेळ गेला. मालकांना कळवलं आहे, ते प्लंबरला दाखवणार आहेत. समुद्र गाडीने ५ मिनिटं, चालत २५ आणि परतताना चढ, त्यामुळे वयस्कर माणसांसाठी गाडी हवीच. फ्रीजचा एकच कप्पा मोकळा होता, मोठ्या कुटुंबाने आधी बोलून घ्यावं. मालक फोनवर लगेच उपलब्ध, शेजारीही मदतीला येतात. मुलांना मोकळं अंगण हवं असेल आणि बादलीने आंघोळ चालत असेल तर घर उत्तम आहे. आम्ही पुन्हा जाऊ.'

यात कौतुक आहे, पण 'भन्नाट', 'एक नंबर', 'स्वर्ग' नाही. कौतुकही तपशिलात असलं की खरं वाटतं. शौचालयाची ओळ मुद्दाम घातली आहे. गुडघेदुखी असलेल्या आई-वडिलांना घेऊन निघालेला माणूस तीच आधी शोधतो, आणि मालक ती लिहायला नेमके विसरतात. जिना असेल तर 'तिसरा मजला, लिफ्ट नाही' याबरोबर पायऱ्या मोजून लिहा. पलंगाचं मापही द्यावं: डबल बेड म्हणून चार फुटी निघाला तर दोन माणसांची रात्र वाया जाते. घरून काम करणाऱ्यांसाठी वायफायचा वेग जिथे बसून काम केलं तिथला हवा, राउटरपाशी मोजलेला नको.

सुरक्षेच्या गोष्टींना वरचा कुठलाही संकोच लागू नाही. उघडी वायर, गॅसचा वास, गच्चीला कठडा नसणं, झाकण नसलेली विहीर किंवा टाकी, आणि बंद बाथरूममधला गॅस गिझर. हा शेवटचा विशेष. हवा खेळती नसेल तर त्यात कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो आणि माणूस काही कळायच्या आत बेशुद्ध पडतो. असं काही दिसलं तर त्याच क्षणी फोन, वापर बंद, आणि रिव्ह्यूत स्पष्ट ओळ. तुमच्यासमोर दुरुस्त झालं असेल तर तेही लिहा. घरात छुपा कॅमेरा सापडला तर ते रिव्ह्यूचं प्रकरणच नाही. फोटो काढा, घर सोडा, संकेतस्थळाला आणि पोलिसांना कळवा.

काय लिहू नये, यावर कमी बोललं जातं. घराचा पत्ता, वाडीचं नाव, इमारत-विंग, चावी कुठे ठेवतात, कुठल्या महिन्यात घर रिकामं असतं, मुलांची नावं, कुणाचं आजारपण, कपाटात काय दिसलं, यातलं काहीही नको. 'चावी तुळशी वृंदावनामागे मिळाली, फारच सोयीचं' असं प्रेमाने लिहिलेलं वाक्य चोराच्याही सोयीचं असतं. माणसांची जात, धर्म, राहणी यांवर शेरा नको. खाण्याचे नियम मात्र लिहावेत, पण नियम म्हणून: 'मालकांनी स्वयंपाकघरात मांसाहार न करण्याची विनंती आधीच केली होती.' हे वाचून मासे खायला कोकणात निघालेलं कुटुंब आधीच ठरवेल. देवघराचंही तसंच. रोज दिवा लावाल का, तुळशीला पाणी घालाल का, हे काही घरांत विचारलं जातं. काहींना ते आवडतं, काहींना जबाबदारी वाटते. विचारलं होतं एवढं नोंदवलं की पुरे.

आता दुसरी बाजू, म्हणजे ते कुटुंब तुमच्या घरात पाहुणे म्हणून कसं राहिलं. गिझर सोडून द्या म्हटलं त्याचं कारण साधं आहे. १५ लिटरचा साठवणीचा गिझर चालू राहिला तरी थर्मोस्टॅट तो बंद-चालू करत असतो. नुसतं पाणी गरम ठेवायला दिवसाला साधारण एका युनिटच्या आसपास वीज जाते. त्यावरून कुणाच्या नावापुढे कायमची ओळ लिहावी एवढं ते मोठं नाही.

कढईचं बघताना आधी आठवा: लाकडी उलथनं कढईशेजारी ठेवलं होतं का, 'हीच वापरा' असं सांगितलं होतं का? ओट्यावर स्टीलचा झाराच असेल तर पाहुणा तोच वापरणार. मग ही झीज समजा, आणि पुढच्या वेळी महागडी भांडी कपाटात कुलूपबंद ठेवा. सूचना असूनही झालं असेल, तर आधी खासगीत, फोटो पाठवून आणि किंमत सांगून विचारा. मान्य केलं आणि भरपाई दिली तर विषय मिटला, रक्कम रिव्ह्यूत लिहायची नाही. ओळ लिहायचीच असेल तर 'एक वस्तू खराब झाली, विचारताच जबाबदारी घेतली' अशी लिहा, ती त्यांच्या बाजूनेच जाते. पण नुकसानीची बोलणी चालू असताना 'दिलं नाहीत तर रिव्ह्यूत लिहीन' हे वाक्य कधीही तोंडातून किंवा बोटांतून जाऊ देऊ नका. ती धमकी ठरते, तिच्या स्क्रीनशॉटवर तुमचा रिव्ह्यू काढला जाऊ शकतो, आणि खरी तक्रारही खोटी वाटू लागते.

कचऱ्याचा प्रश्न नाशिककरांना जितका उघड वाटतो तितका बाहेरच्यांना नसतो. घंटागाडी कधी येते, ओला-सुका वेगळा नसेल तर घेत नाहीत, सोसायटीत डबे कुठे आहेत, हे लिहिलेला कागद फ्रीजवर चिकटवलेला होता का? नसेल तर ही उणीव तुमच्या घराची आहे, त्यांच्याबद्दलच्या रिव्ह्यूत ती नको. होता आणि तरी पाळलं नाही, तर सौम्य ओळ येऊ शकते. समजा कागद होता, तर पाहुण्यांबद्दलचा तुमचा रिव्ह्यू असा: 'पोहोचल्याचं आणि निघाल्याचं वेळेवर कळवलं. घर सोडताना लादी पुसलेली, ओटा स्वच्छ. कचरा वेगळा करण्याची सूचना पाळायची राहिली, बाकी सगळं नीट सांभाळलं. घर पुन्हा द्यायला आवडेल.' शेवटचं वाक्य खरं असेल तरच लिहा. यजमान मंडळी पाहुण्यांच्या रिव्ह्यूत तेच एक वाक्य शोधतात, आणि ते नसलं की त्याचा अर्थ लावतात.

वेळेचं गणित प्रत्येक संकेतस्थळावर वेगळं असतं, तुमच्या ठिकाणचा नियम मदत विभागात वाचून घ्या. एअरबीएनबीवर, उदाहरणार्थ, मुक्काम संपल्यापासून १४ दिवस मिळतात, आणि दोघांनी लिहिल्याशिवाय किंवा मुदत संपल्याशिवाय एकमेकांचं काहीच दिसत नाही. २०१४मध्ये ही पद्धत आली ती नेमकी तुमच्यासारख्या संकोचावर उपाय म्हणून: समोरच्याचं वाचून आपलं ठरवायची सोयच राहत नाही. तुमच्या ठिकाणी त्यांचा रिव्ह्यू तुम्हाला आधीच दिसला, म्हणजे तिथे तसा पडदा नाही. मग पुढच्या वेळी समोरच्याची वाट न बघता, परतल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी तुम्हीच पहिल्यांदा लिहा. प्रवासाच्या रात्री दमलेल्या अंगाने लिहू नका, पंधरवडा उलटल्यावरही नको. अदलाबदल एकाच वेळी नसेल, म्हणजे तुम्ही आज राहून आलात आणि ते दिवाळीत तुमच्याकडे येणार असतील, तर यजमान म्हणून त्यांच्याबद्दल आत्ताच लिहा. ते येऊन जाईपर्यंत थांबलात तर दोन वेगळे अनुभव एकमेकांत मिसळतात.

कायद्याची भीती काहींना वाटते. बदनामीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३५६वं आहे, १ जुलै २०२४पासून लागू. लोकहितासाठी मांडलेलं सत्य हा त्याला अपवाद आहे. म्हणून स्वतः पाहिलेलं, मोजलेलं, फोटो असलेलं लिहा, आणि हेतूबद्दल अंदाज ('मुद्दाम फसवलं', 'लबाड माणसं') टाळा. भारतीय मानक ब्युरोने २०२२मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक आणलं, त्यातही प्रामाणिकपणा, अचूकता, खासगीपणा, पारदर्शकता हीच तत्त्वं आहेत. 'तू मला पाच दे, मी तुला पाच देतो' हा समझोता त्यात कुठेच बसत नाही.

पुढच्या वेळेसाठी एक सवय लावून घ्या. नव्या घरात शिरल्यावर सामान सोडायच्या आधी अर्धा तास फिरा. प्रत्येक खोलीचे चार कोपरे, ओटा, बाथरूम, गाद्या, आधीचे ओरखडे, सगळ्याचे फोटो. विजेच्या मीटरचाही एक, वीजबिल वाटून घ्यायचं ठरलं असेल तर. सगळे नळ सोडून बघा, सिलिंडर हलवून बघा, बादली भरून बघा. मग फोनमध्येच एक नोंद उघडा आणि रोज रात्री दोन ओळी: काय छान झालं, काय अडलं, कुणाला सांगितलं, काय उत्तर आलं. रिव्ह्यू लिहायला बसाल तेव्हा निम्मं लिहून झालेलं असेल. निघतानाही तेच कोपरे पुन्हा टिपा, म्हणजे नुकसानीवरून शब्दाला शब्द वाढत नाही.

आणि तुमच्या फ्लॅटवर कधी असा खरा रिव्ह्यू आला तर उत्तर एकदाच द्या, चार वाक्यांच्या आत: आभार, मुद्दा मान्य किंवा एका वस्तुस्थितीची दुरुस्ती, काय बदललं, बस. 'दुपारी टाकी रिकामी झाली हे खरं, टाकीचा फ्लोट व्हॉल्व्ह अडकत होता, तो बदलला आहे.' उत्तरात पाहुण्यांच्या चुका काढायला जाऊ नका. त्याच दिवशी फ्रीजवरचा कागद नव्याने लिहा: पाणी यायची वेळ, मोटरचं बटण, घंटागाडीची वेळ, गेटवर सुरक्षारक्षकाकडच्या वहीत नोंद करायची आहे हे, पार्किंगचा क्रमांक, कुठली भांडी वापरायची, अडचणीत शेजारच्या कुणाचा फोन. शेजाऱ्यांना आधी विचारून.